दोन कविता शेजारी ठेवा: दहावीच्या मराठीची कृतिपत्रिका ठरवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
दहावीच्या मराठीचा अभ्यासक्रम आखणाऱ्या आणि कृतिपत्रिकेचा आराखडा ठरवणाऱ्या सर्व सदस्यांस,

सप्रेम नमस्कार.

सातारा जिल्ह्यात डोंगराच्या कडेला असलेल्या एका शाळेत मी २४ वर्षं मराठी शिकवते आहे. नववी-दहावीचे वर्ग माझ्याकडे असतात, उन्हाळ्यात पेपरांचे गठ्ठेही तपासते. मागणी एका ओळीची आहे, म्हणून आधीच सांगून टाकते. कुमारभारतीच्या ८० गुणांच्या कृतिपत्रिकेत पद्य विभागाला १६ गुण आहेत. त्यांतले ४ गुण दोन कवितांच्या तुलनेला द्या, आणि त्या दोन्ही कविता मुलांच्या डोळ्यांसमोर छापून द्या. पुढचं सगळं पत्र या मागणीच्या दुसऱ्या भागासाठी आहे. पहिला भाग मान्य करून दुसरा विसरणार असाल, तर कृपा करून पहिलाही मान्य करू नका.

हे १६ गुण कसे वाटले आहेत ते तुम्हांला मी सांगायला नको, पण पत्र खुलं आहे, पालकही वाचतील. पहिल्या कृतीत एक कविता छापलेली असते, तिच्यावर ८ गुण. दुसरीत पुस्तकातल्या दोन कवितांची नावं असतात, त्यांतली एक निवडायची आणि कवी कोण, विषय काय, शब्दांचे अर्थ, संदेश, कविता का आवडली किंवा नाही आवडली, असे मुद्दे लिहायचे. त्याला ४ गुण. तिसरीत दिलेल्या ओळींचं रसग्रहण, त्याला ४ गुण. दुसऱ्या कृतीत पूर्ण कविता समोर नसते, त्यामुळे ती काय तपासते हे उघड आहे: पाठ केलंय की नाही. 'कविता आवडण्याचे कारण' हासुद्धा पाठ करण्याचा मुद्दा होऊ शकतो, हे मला नोकरीच्या पहिल्या वर्षी कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. आता हसत नाही. माझ्या वर्गातल्या ४८ मुलांना एकच कविता एकाच कारणासाठी आवडते.

रसग्रहणाची कथा वेगळी. तिथे ओळी समोर असतात, पण मुलं त्यांच्याकडे बघत नाहीत, कारण त्यांना तीन खोके दिलेले आहेत: आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये. प्रत्येक खोक्यात काय भरायचं ते ठरलेलं. शिक्षकखोलीत आम्ही कधीकधी एक खेळ करतो. सराव परीक्षेतलं एखादं रसग्रहण घ्यायचं, कवीचं आणि कवितेचं नाव बोटाने झाकायचं आणि मोठ्याने वाचायचं. "कवीने अत्यंत समर्पक शब्दांत आपल्या भावना व्यक्त केल्या आहेत. भाषा साधी, सोपी व ओघवती आहे. कविता वाचताना डोळ्यांसमोर चित्र उभे राहते." ओळखा कविता. एकदा बोट काढलं तर खाली मोरोपंत निघाले. केकावलीतलं भरतवाक्य! संस्कृत समासांनी गच्च भरलेल्या पंतांच्या भाषेला कुणीतरी साधी, सोपी आणि ओघवती म्हटलं, आणि त्याला ४ पैकी ३ गुणही मिळाले होते. देणारी मीच होते.

मुलांना मी दोष देत नाही. ते वाक्य फळ्यावर मीच लिहून दिलेलं आहे. निकाल लागतो तेव्हा माझ्या विषयाची टक्केवारी माझ्या नावापुढे येते, आणि डोंगरातल्या शाळेत, जिथे बऱ्याच घरांत दहावी होणारं हे पहिलंच मूल असतं, तिथे तीन गुण हमखास देणारं वाक्य फळ्यावरून पुसायला मोठी छाती लागते.

तरीही काही वर्षांपूर्वी ते मी पुसलं, ते एका मुलीमुळे. नाव सांगत नाही. घरी शेरडं होती, शाळा सुटल्यावर ती रानात जायची. सराव परीक्षेत नामदेवांच्या 'अंकिला मी दास तुझा' या अभंगातल्या ओळी रसग्रहणाला होत्या. अभंग तुम्हांला पाठच असेल, तरी इथे लिहिते, कारण पुढे त्याचं काम आहे.

अग्निमाजि पडे बाळू । माता धांवे कनवाळू ॥
तैसा धांवें माझिया काजा । अंकिला मी दास तुझा ॥
सवेंचि झेपावें पक्षिणी । पिलीं पडतांचि धरणीं ॥
भुकेलें वत्सरावें । धेनु हुंबरत धांवे ॥
वणवा लागलासे वनीं । पाडस चिंतीत हरणी ॥
नामा म्हणे मेघा जैसा । विनवितो चातक तैसा ॥

तिने लिहिलं होतं, तिच्याच शब्दांत: "आई धावते. पक्षीण झेप घेते. गाय धावते. पण हरणी धावत नाही. तिला फक्त पाडसाची काळजी आहे. कारण वणव्यात धावायला जागाच नसते, आग सगळीकडून येते." संपलं उत्तर. खोके नाहीत, 'समर्पक' नाही, संदेश नाही. त्या वर्षी आमचे पेपर अदलाबदल करून शेजारच्या शाळेत तपासायला गेले होते. ४ पैकी १ गुण आला आणि बाजूला लाल शाईत शेरा: 'मुद्दे नाहीत'.

फाल्गुनात आमच्याकडे डोंगरांवरचं वाळलं गवत पेटतं. ही मुलगी ते दरवर्षी बघते. अभंगातली क्रियापदं तिने एकेक करून तपासली आणि जिथे क्रियापद बदललं तिथे ती थांबली. मी हा अभंग किती वेळा शिकवला असेल देव जाणे. 'नामदेवांनी वात्सल्याचे दृष्टान्त दिले आहेत' एवढं सांगून मी चारही माता एका दावणीला बांधत आले होते. चौथी धावत नाही हे मला तिने दाखवलं.

मग मी विचार करत बसले की ही मुलगी थांबली कशी. ती थांबली, कारण तिने चार गोष्टी शेजारी-शेजारी ठेवल्या. आई, पक्षीण, गाय, हरणी. एकटी हरणी दिली असती तर तीही 'वात्सल्याची मूर्ती' म्हणून मोकळी झाली असती. शेजार मिळाला म्हणून वेगळेपण दिसलं.

तुलनेची सगळी किमया मला एवढीच वाटते. एका कवितेला 'साधी, सोपी, ओघवती' म्हणता येतं. दोन कविता समोर ठेवल्या की ते वाक्य अडतं. दोन्ही ओघवत्या आहेत का? मग दोन्ही एकसारख्या वाहतात का? नाही? मग कुठे वेगळ्या? इथे मूल कवितेकडे बघतं, कारण बघितल्याशिवाय पुढचा शब्द लिहिता येत नाही. रसग्रहणाचे तीन खोके २४ वर्षांत मला जे करू देत नव्हते ते दुसरी कविता शेजारी ठेवल्यावर आपोआप होऊ लागलं. आपोआप म्हटलं, पण पहिला प्रयत्न मात्र पार फसला. तोही सांगते, कारण तुम्हीही तीच चूक करण्याचा संभव फार आहे.

पहिल्या वेळी मी नववीच्या वर्गात फळ्यावर लिहिलं: 'दोन्ही रचनांतील साम्य व भेद लिहा.' मुलांनी वहीच्या मधोमध पट्टीने उभी रेघ मारली. डावीकडे नामदेव, उजवीकडे एकनाथ. '१. नामदेव हे तेराव्या शतकात जन्मले. १. एकनाथ हे सोळाव्या शतकात जन्मले. २. नामदेवांचा अभंग आहे. २. एकनाथांच्या ओव्या आहेत.' विज्ञानात आणि भूगोलात 'फरक स्पष्ट करा' हा प्रश्न पाचवीपासून सोडवत आलेली ही मुलं, त्यांनी कवितेलाही घर्षण आणि गुरुत्वाकर्षणाची वागणूक दिली. एकाही मुद्द्यासाठी त्यांना कविता वाचावी लागली नव्हती. पुस्तकात दिलेला कविपरिचय पुरला.

म्हणून 'साम्य व भेद' हे शब्द प्रश्नात येऊच देऊ नका. प्रश्नाने एखादी वस्तू मुलाच्या हातात द्यावी.

दुसऱ्या वेळी मी दोन्ही रचनांतला एकच पक्षी उचलला. दहावीच्या २०१८ सालच्या पुस्तकात 'संतवाणी' या एकाच शीर्षकाखाली नामदेवांचा तो अभंग आणि एकनाथी भागवतातल्या 'योगी सर्वकाळ सुखदाता' या ओव्या एकापाठोपाठ छापल्या आहेत. पाठ्यपुस्तक मंडळाने त्या शेजारी ठेवल्या, हे माझ्या मते पुस्तकातलं सगळ्यात हुशार काम. पण कृतिपत्रिका त्या शेजाराला कधी हात लावत नाही. एकनाथांची पहिली ओवी अशी:

जेवीं चंद्रकिरण चकोरांसी । पांखोवा जेवीं पिलियांसी । जीवन जैसें कां जीवांसी । तेवीं सर्वांसी मृदुत्व ॥

मी एवढंच विचारलं: "दोन्हीकडे पक्षीण आहे आणि पिल्लू आहे. पिल्लू कुठे आहे?"

वर्ग गप्प झाला. मग मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, "बाई, तिकडे खाली पडलंय. इकडे पंखाखाली आहे."

पुढची पंधरा मिनिटं मला काही शिकवावं लागलं नाही. पिल्लू पडलंय म्हणून तिकडे पक्षिणीला झेपावं लागतं. इकडे ते पंखाखाली आहे म्हणून पक्षिणीला काहीच करावं लागत नाही, एकनाथ तिचं नावही घेत नाहीत, नुसता पंख आहे. एक मुलगी म्हणाली, नामदेव स्वतः पिल्लू आहेत, ते ओरडताहेत; एकनाथांच्या ओवीत कुणी ओरडतच नाही. दुसऱ्याने शेवट पकडला: तिकडे चातक आहे, इकडे चकोर आहे, चातक विनवणी करतो, चकोराला मागावं लागत नाही. आणि मग एका पोराने विचारलं की नामदेव सुरुवातीला आईला धावायला लावतात आणि शेवटी आपणच का विनवायला लागतात? मेघ तर धावत येत नाही. या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे तयार नव्हतं. अजूनही पक्कं नाही. त्या मुलीची न धावणारी हरणी आणि हा विनवणारा चातक अभंगात लागोपाठ येतात, एवढं मात्र मला त्या दिवसापासून दिसत राहिलं आहे.

लय सुद्धा तेव्हाच कळली. नामदेवांचा अभंग आठ-आठ अक्षरांच्या दोन चरणांचा; 'अग्निमाजि पडे बाळू' म्हणताना श्वास तुटतो, लगेच 'माता धांवे' यावं लागतं. एकनाथांची ओवी तीन यमकी चरण निवांत मांडत जाते आणि चौथ्यावर टेकते. घाईत असलेला माणूस अभंगात बोलतो, आणि समजावून सांगणारा ओवीत, असं एक मुलगा म्हणाला. सगळ्या अभंग-ओव्यांना हे लागू पडणार नाही हे मला कळतं, पण या दोन रचनांपुरतं ते खरं आहे, आणि 'गेयता हे भाषिक वैशिष्ट्य आहे' या वाक्यापेक्षा लाखपटीने खरं आहे.

"तुलना ही इंग्रजी वळणाची कल्पना, आपल्या परंपरेत रसग्रहण आहे," असं एका बैठकीत मला ऐकवलं गेलं होतं. ऐकवणाऱ्यांनी एकनाथांच्या पुढच्या ओव्या वाचल्या नसाव्यात. त्या अख्ख्या तुलनेवरच उभ्या आहेत. योगी पाण्यासारखा आहे, असं म्हणून एकनाथ थांबत नाहीत; ते साम्य कुठे संपतं तिथपर्यंत जातात.

जळ वरिवरी क्षाळी मळ । योगिया सबाह्य करी निर्मळ । उदक सुखी करी एक वेळ । योगी सर्वकाळ सुखदाता ॥

पाणी धुतं, योगीही धुतो, पण पाणी वरवर. पाणी तहान भागवतं, पण घटकाभर. उपमेयाला उपमानाच्या पुढे नेणारा हा व्यतिरेक अलंकार आपण व्याकरणात शिकवतोच, 'अमृताहुनि गोड नाम तुझे देवा' हे उदाहरण देऊन. म्हणजे व्याकरणात व्यतिरेकाची व्याख्या विचारायची आणि पद्य विभागात व्यतिरेकाने विचार करायला मात्र जागा ठेवायची नाही. फडावरचा कीर्तनकार काय करतो? तुकोबांचा अभंग निरूपणाला घेतो आणि ज्ञानोबांची ओवी, नामदेवांचा चरण प्रमाण म्हणून शेजारी आणून ठेवतो. ज्या मुलांच्या घरात कीर्तनाचा कान आहे त्यांना तुलना शिकवावी लागत नाही. आपण ती त्यांना शाळेत विसरायला लावतो.

आता इंग्रजी वळणाबद्दल. माझी भाची इंग्लंडमध्ये शिकली. तिच्या दहावीला, म्हणजे तिथल्या जीसीएसईला, इंग्रजी साहित्याच्या पेपरात कवितांची तुलना हा मोठा प्रश्न. तिच्या परीक्षा मंडळाने 'सत्ता आणि संघर्ष' या विषयाखाली १५ कविता नेमल्या होत्या. परीक्षेत त्यांतली एक छापून येते. दुसरी मुलांनी स्वतः निवडायची आणि आठवणीतून लिहायची, पुस्तक बंद. त्याला ३० गुण. शिवाय पूर्वी न वाचलेल्या कवितेवर २४ गुण, आणि तिच्या जोडीला दुसरी न वाचलेली कविता देऊन दोघींच्या तुलनेला ८.

मी हे ऐकून आधी हरखले. मग परीक्षेच्या आधी दोन महिने तिच्याशी व्हिडिओवर बोलत होते, तर मागे फ्रिजच्या दारावर रंगीत चिठ्ठ्या. प्रत्येक चिठ्ठीवर एक अवतरण, खाली तंत्राचं नाव, खाली 'कोणाबरोबर जोडी'. १५ कवितांच्या जोड्या ठरलेल्या. परिच्छेदाचा सांगाडा ठरलेला: मुद्दा, पुरावा, स्पष्टीकरण, मग 'त्याचप्रमाणे' किंवा 'याउलट' म्हणून दुसरी कविता. "दोन्ही कवी सत्तेचे चित्रण करतात," हे तिचं पहिलं वाक्य, कुठलीही कविता आली तरी. मला आमचा फळा आठवला. साधी, सोपी, ओघवती.

गंमत अशी की गप्पांमध्ये तीच पोरगी किती छान बोलली. शेलीची 'ओझिमँडियस' आणि ब्राउनिंगची 'माय लास्ट डचेस' तिला एकत्र दिसत होत्या. "मावशी, दोन्हीकडे राजासारखा माणूस आहे आणि दोन्हीकडे एक कलाकार आहे. वाळवंटात राजाचं काही उरलं नाही, पण त्याच्या तोंडावरची गुर्मी मूर्तिकाराने बरोबर ओळखली होती, ती दगडात उरली. ड्यूकच्या घरी उलटं. तिथे चित्रावर पडदा आहे आणि तो पडदा ड्यूकशिवाय कुणी सरकवायचा नाही." मी म्हटलं, हे लिही. ती म्हणाली, "ही माझी जोडी नाही. माझी जोडी 'लंडन'बरोबर पाठ आहे." विल्यम ब्लेकची 'लंडन'. तीही थोर कविता, पण तिथे पोरीच्या मनात काही हललेलं नव्हतं.

म्हणून मी दुसऱ्या भागावर एवढी अडून बसले आहे. तुलनेत जादू नाही. दोन्ही कविता समोर असतील तरच मूल बघेल. एक जरी पाठांतरातून आणायची म्हटली की क्लासवाले जोड्या लावून देतील, अपेक्षित प्रश्नसंचांत 'तुलना क्रमांक १ ते २०' छापून येतील आणि वर्षाच्या आत हा प्रश्न आजच्या दुसऱ्या कृतीसारखा होईल. इंग्लंडच्या पेपरातला जो भाग मला उचलावासा वाटतो तो शेवटचा ८ गुणांचा, जिथे दोन्ही कविता छापलेल्या असतात. तिथे तो पेपराच्या टोकाला आहे, दमलेल्या मुलांसाठी. आपण तो पुढे आणावा.

जोडी कशी निवडावी, याबद्दलही सांगू द्या, कारण विषयावरून जोड्या लावण्याचा मोह होईल. दोन निसर्गकविता, दोन देशभक्तिपर कविता. विषय सारखा असला की मुलं विषयावर निबंध लिहितात, पावसाचे फायदेसुद्धा. मला वस्तूवरून लावलेल्या जोड्या आवडतात. चूल घ्या. बहिणाबाईंचा तवा चुलीवर आहे: 'आधी हाताला चटके, तंव्हा मिळते भाकर.' आणि पुस्तकातली नीरजा यांची 'आश्वासक चित्र', जिथे भातुकली मांडणारी मुलगी चेंडूही झेलून दाखवते आणि मग मुलावर भातुकली सांभाळायची पाळी येते. एक चूल खरी, तिला चटका आहे. दुसरी खेळातली, तिला चटका नाही, म्हणून तर तिथे अदलाबदल करून बघता येते. वर्गात हे निघालं तेव्हा एका मुलीने विचारलं, खरी चूल असती तर तो मुलगा बसला असता का? कुठल्याही गाईडात हा प्रश्न नाही.

याच जोडीत धोकाही आहे. एक-दोघांनी लगेच निकाल दिला: बहिणाबाई जुन्या विचारांच्या, नीरजा पुढारलेल्या, म्हणून दुसरी कविता चांगली. तुलना म्हणजे कुस्ती नव्हे हे मुलांना सांगावं लागतं, आणि प्रश्नपत्रिकेनेही ते पाळावं. 'कोणती कविता श्रेष्ठ वाटते?' असं विचारू नका. जळगावच्या मातीतली ती बाई त्याच गाण्यात पुढे म्हणते, 'राउळाच्या कयसाले लोटा कधी म्हनू नहीं.' देवळाचा कळस आणि पाण्याचा लोटा, आकार दोघांचा गोलच. नुसतं साम्य बघणाऱ्या पोराला मी आता एवढंच म्हणते, "लोटा झाला रे तुझा." वर्ग हसतो आणि तो परत कवितेकडे बघतो.

अडचणी मला माहीत आहेत. तपासणाऱ्याला गठ्ठ्यामागे गठ्ठे असतात, नमुना उत्तर हातात नसेल तर तो बिचकतो, आणि दोन परीक्षकांचे गुण जुळत नाहीत. पण गुण जुळावेत म्हणून उत्तरं जुळवून घ्यायची हे औषध रोगापेक्षा महाग पडलं आहे. ४ गुणांच्या उत्तरात परीक्षकाने बघायचं थोडंच आहे: मुलाने दोन्ही उताऱ्यांतले नेमके शब्द दाखवले का, आणि ते शब्द वेगळे असल्यामुळे काय वेगळं होतं हे सांगितलं का. दाखवण्याला २, सांगण्याला २. शुद्धलेखनाचे गुण इथे कापू नका. 'आशयसौंदर्य' असं उपशीर्षक आहे की नाही हे शोधू नका. हरणी धावत नाही, हे एक वाक्य दाखवण्याचे दोन्ही गुण मिळवून जायला हवं होतं.

दुसरी हरकत येईल की सामान्य मुलांना हे झेपणार नाही, हुशार मुलांचा प्रश्न आहे हा. माझा अनुभव बरोबर उलटा. घोकणाऱ्या हुशार मुलांना या प्रश्नाचा राग येतो. ज्यांची पाठांतराची गाडी अडते, जी वर्गात मागे बसतात आणि घरी शेरडं वळतात, त्यांचे डोळे इथे चालतात. पिल्लू पंखाखाली आहे हे ज्याने सांगितलं त्याला सहामाहीत मराठीत ३१ गुण होते. ८० पैकी.

गुण कुठून आणायचे, तर दुसऱ्या कृतीतले. कवीचं नाव आणि संदेश विचारणारे ते ४ गुण सोडून द्यायला माझ्या ओळखीतला एकही मराठीचा शिक्षक रडणार नाही. पुस्तक बदलायला नको, कविता वाढवायला नकोत, तीन तासांची वेळही तीच राहू द्या. सुरुवातीची काही वर्षं दोन्ही उतारे पुस्तकातलेच द्या; शिक्षकांचा हात बसला की एक उतारा बाहेरचा, चार ओळींचा, सोप्या शब्दांचा. आणि नववीपासूनच, सहामाहीत, असा एक प्रश्न बिनगुणांचा देऊन बघा.

तुमच्या सोयीसाठी एक नमुना प्रश्न खाली देते. गेल्या दिवाळीच्या आधी तो माझ्या वर्गात दिला होता.

'खालील दोन्ही ओळी वाचा.
(१) सवेंचि झेपावें पक्षिणी । पिलीं पडतांचि धरणीं ॥
(२) पांखोवा जेवीं पिलियांसी ।
दोन्ही ठिकाणी पिल्लू कोणत्या स्थितीत आहे? त्यामुळे मोठ्या पक्ष्याला काय करावे लागते किंवा लागत नाही? ओळींतील शब्द दाखवून तुमच्या भाषेत लिहा. (४)'

नमुना उत्तर सोबत जोडलेले नाही.

आपली,
मराठीची एक शिक्षिका